कुंपणच सुटलं तर

ग्रिमझेल खिंडीच्या अलीकडे रेटेरिक्सबोडेन नावाचं धरण लागतं. गाडी थांबवायला लावली अण्णांनी. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माझ्या वडिलांना धरण दिसलं की चहा हवा होतो, हे त्यांच्या स्वित्झर्लंड-मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आलं होतं. अण्णा कठड्याला टेकून सांडवा कुठे आहे ते शोधत राहिले आणि माझ्या सासूबाई रिकामी बाटली घेऊन काठाशी उतरल्या. त्या भूजल खात्यात रसायनतज्ज्ञ होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण नमुना घेतल्याशिवाय कुठलंही पाणी त्यांना पाहिल्यासारखं वाटत नाही.

तलावाचं पाणी ताकात निळीचा थेंब पडावा तसं होतं. सासूबाईंनी बाटली उन्हात धरली. "बर्फानं दळलेल्या खडकाचं पीठ आहे हे. लवकर बसायचं नाही."

समोरच्या डोंगराच्या पोटात, डोक्यावर साडेचारशे मीटर ग्रॅनाइट घेऊन, १९८४ पासून एक प्रयोगशाळा चालू आहे. नाग्रा ही स्विस संस्था ती चालवते. अणुभट्टीतला कचरा खोल पुरला तर पुढच्या लाख वर्षांत त्याचं काय होईल, याचे प्रयोग तिथे होतात. खरा कचरा तिथे कधीच पुरायचा नाही. एवढं मी सांगितलं आणि तिथेच चुकलो. बर्नला घरी पोचेपर्यंत दोघांनी दुसरा विषय निघू दिला नाही.

"त्यात अवघड काय आहे?" अण्णा म्हणाले. "विहीणबाई, जगातला सगळ्यात भरवशाचा माल कुठला, सांगा. सिमेंट नव्हे, पोलादही नव्हे. चिकणमाती. आमच्या मातीच्या धरणात मधोमध काळ्या मातीचा गाभा असतो आणि दोन्ही अंगांना मुरूम. पाणी अडवतो तो गाभा. मुरूम नुसता त्याला धरून ठेवतो. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात, त्यांत बैलाचा पाय अडकतो. मृगाच्या दोन सरी पडू द्या, भेग कुठे होती ते मालकालाही सांगता येत नाही."

स्वीडन आणि फिनलंडची योजना अण्णांना मनापासून आवडली ती यामुळेच. वापरून झालेलं इंधन ओतीव लोखंडाच्या साच्यात ठेवायचं, त्यावर पाच सेंटिमीटर जाडीचं तांब्याचं कवच चढवायचं आणि हा डबा चारशे ते पाचशे मीटर खोल ग्रॅनाइटमध्ये खोदलेल्या खड्ड्यात उभा करायचा. डबा आणि खडक यांच्यामध्ये साधारण पस्तीस सेंटिमीटर जाडीचं, दाबून घट्ट केलेल्या बेंटोनाइटचं कडं. बेंटोनाइट ही बहुधा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती. आपल्याकडे ती कच्छमध्ये सापडते. तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि आपली काळी माती फुगते-आकसते तीही याच कुळातल्या खनिजांमुळे. पाणी लागलं की बेंटोनाइट फुगू पाहतं, पण खड्ड्यात जागाच नसते. मग ते चहूबाजूंनी दाबत राहतं. आतली छिद्रं इतकी बारीक होतात की पाणी वाहत नाही, जंतू वाढत नाहीत, आणि एखादा अणू बाहेर पडलाच तर त्याला रेंगाळत, मातीच्या पत्र्यापत्र्याला चिकटत जावं लागतं.

"प्लुटोनियम तर मातीला गोचिडासारखं चिकटतं," अण्णांनी निकाल दिला. "जाईल कुठे?"

"माती जाईल तिथे," सासूबाई म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं अण्णा फक्त ऐकत होते, असं क्वचित घडतं.

सासूबाईंनी सुरुवात केली ती स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या गाळणीपासून. "पाण्यात लोह किती विरघळलंय ते मोजायचं, तर नमुना आम्ही ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचो. खाली आलं ते विरघळलेलं, वर राहिलं ते तरंगणारं. अख्ख्या जगात हाच रिवाज. पण ही रेघ माणसानं सोयीसाठी मारलेली आहे. एक नॅनोमीटरपासून एक मायक्रॉनपर्यंतचे कण पाण्यात विरघळतही नाहीत आणि तळालाही बसत नाहीत. शाळेत कलिल म्हणून शिकवतात ना, तेच. त्यातले अर्धेअधिक आमच्या गाळणीतून पसार व्हायचे आणि आम्ही कागदावर लिहायचो, विरघळलेलं. किरणोत्सारी मूलद्रव्यांची गणितं मांडणाऱ्यांनी बरीच वर्षं दोनच खाती धरली होती. पाण्यात आहे ते चालतं, मातीला चिकटलं ते थांबतं. चिकटलेलं ज्या कणाला चिकटलंय तो कणच चालायला लागला तर? त्याला तिसरं खातं लागतं."

मग नेवाडा आलं. अमेरिकेने तिथल्या वाळवंटात जमिनीखाली आठशेहून अधिक अणुस्फोट केले. त्यांपैकी बेनहॅम हा १९ डिसेंबर १९६८ चा, सुमारे १.१५ मेगाटनांचा. १९९० च्या दशकात तिथून १.३ किलोमीटर अंतरावरच्या निरीक्षण विहिरींच्या पाण्यात प्लुटोनियम सापडलं. ॲनी कर्स्टिंग आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध जानेवारी १९९९ च्या 'नेचर'मध्ये आला. प्रत्येक स्फोटातल्या प्लुटोनियमच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं, ते त्याचं हस्ताक्षरच म्हणा. विहिरींच्या बरंच जवळ टायबो नावाचा दुसरा स्फोट झालेला होता, तरी पाण्यातलं हस्ताक्षर निघालं बेनहॅमचं. आणि पाणी बारीक, आणखी बारीक गाळण्यांतून काढल्यावर कळलं की जवळजवळ सगळं प्लुटोनियम चिकणमाती आणि झिओलाइटच्या कलिलकणांवर बसून आलं होतं. तीस वर्षांच्या आत. जुन्या हिशेबाप्रमाणे ते जागचं फारसं हलायलाच नको होतं.

"बॉम्ब आहे तो, विहीणबाई!" अण्णांना सूर सापडला. "दहा लाख टनांहून जास्त बारूद फुटल्यासारखा दणका. खडक वितळला, फाटला. त्या दणक्यानेच प्लुटोनियम दूर फेकलं गेलं नसेल कशावरून? तुम्ही भूकंपात पडलेलं घर दाखवून म्हणता, घरं अशीच पडतात."

"काही फेकलं गेलं असेल. पण सापडलं ते कणांवर बसलेलं, वाहत्या पाण्यात."

"आणि सापडलं किती?"

"फार थोडं," सासूबाईंनी मान्य केलं. अमेरिकेतल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहूनही ते बरंच कमी होतं. हा मुद्दा त्यांनी दडवला नाही, आणि मला वाटतं त्यांच्या बाजूचे पुष्कळ लोक तो दडवतात. "मात्रेची भीती मी घालत नाही. मला तो मार्ग खटकतो. जो रस्ता नाही असं आपण म्हणत होतो, तो आहे. आणि नुसता नेवाडात नाही. रशियात मायाक कारखान्याशेजारच्या कराचाय तलावातून चार किलोमीटर लांब गेलेलं प्लुटोनियम कलिलांवरच होतं. त्याचा निबंध २००६ चा. तिथे माती नव्हे, लोहाचे कण."

"म्हणजे बिचाऱ्या मातीवर आळ नको."

"मातीवर आळ इथे येतो," असं म्हणून त्यांनी डोंगराकडे बोट केलं.

२००२ च्या फेब्रुवारीत त्या डोंगरातल्या एका भेगेत खरा प्रयोग झाला. भेगेच्या एका टोकाला अमेरिशियम, प्लुटोनियम आणि आणखी काही मूलद्रव्यं पाण्यातून सोडली आणि सव्वादोन मीटरवर दुसऱ्या टोकाला पाणी उपसून मोजलं. नुसती सोडली तेव्हा अमेरिशियम-प्लुटोनियमचा लहान हिस्साच परत मिळाला, बाकीचं खडकाला चिकटून राहिलं. बेंटोनाइटचे कलिलकण मिसळून सोडली तेव्हा बहुतांश परत आलं. तेही किंचित आधी! सोबत सोडलेलं, कशालाच न चिकटणारं आयोडीन पोचायच्या थोडं अगोदर. कारण कण मोठे असतात. ते खडकाच्या बारीक छिद्रांत शिरत नाहीत, प्रवाहाच्या मधल्या, वेगाच्या धारेत राहतात. अरुंद बोळात शिरायचंच नाही म्हटल्यावर मोठी गाडीही लवकर पोचते, तसं.

"आणि ग्रॅनाइटला का चिकटत नाहीत?" मी मध्ये तोंड घातलं.

"दोघांवर ऋणभार. एकमेकांना ढकलतात. तेच कण एकमेकांनाही ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. पाण्यात मीठ असलं की हे ढकलणं आखूड होतं आणि कण एकमेकांना धरतात. पावसाळ्यात वाशिष्ठीला लाल पूर येतो. दाभोळच्या खाडीत खारं पाणी भेटलं की त्यातला बारीक गाळ गुठळ्या धरून बसायला लागतो. घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ते दुसरं काय आहे? आता या डोंगरातलं पाणी बघा. जवळजवळ बिनमिठाचं. म्हणून कण सुटे राहतात. बेंटोनाइटच्या कड्याला चाटून असं पाणी वाहणारी भेग असेल, तर माती फुगून भेगेत शिरेल, टोकाला पातळ होईल आणि कणाकणानं पाण्यात सुटेल. व्याहीबुवा, कुंपणच शेत खातं म्हणतात ना, इथे कुंपण शेत खातं आणि डोक्यावर घेऊन गावभर फिरतं."

अण्णा गप्प राहिले. इंटरलाकेनच्या आसपास पोचल्यावर बोलले, ते वेगळंच.

"आमच्या नियमातच आहे," ते म्हणाले. "धरणाच्या पायथ्याशी पाझर स्वच्छ असेल तर निवांत झोप. गढूळ असेल तर उठून धाव."

मग त्यांनी एका लघु पाटबंधारे तलावाची गोष्ट सांगितली, जी मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरला आणि चौथ्या दिवशी पायथ्याशी गढूळ पाणी. गाभ्यात भोकं पडत चालली होती, बिळासारखी. रोलर कमी फिरवला म्हणून आधी ठेकेदाराला धरलं. दोष रोलरचा नव्हताच. गाभ्याची माती काढली होती कालव्याखालच्या चोपण जमिनीतून. चोपण जमीन म्हणजे सोडियमने भरलेली. तिचं ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकलं तर न हलवताच दुधासारखा ढग सुटतो. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि ती कोणी केली नव्हती. पावसाचं गोडं पाणी आल्यावर माती स्वतःहून सुटली. पुढे पाणी उतरवून चुना मिसळलेली माती भरली, मागे वाळूची गाळणी घातली, तेव्हा तलाव राहिला.

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या.

"चांगलंच. म्हणून तर सांगतो, तो मातीचा दोष नव्हता, कुठली माती आणि कुठलं पाणी याचा होता. चोपणात शेतकरी जिप्सम टाकतो. मातीत कॅल्शियम गेलं की ती धरते. तुमच्या स्वीडनवाल्यांनी कॅल्शियमची माती घ्यावी."

"तोही विचार झालाय. पण लाख वर्षं पाणी चाटत राहिलं तर मातीतलं जिप्सम धुऊन जातं. शेतकरी दर काही वर्षांनी गोणी टाकतो. तिथे पाचशे मीटर खाली कोण जाणार?"

माझ्या मते हे भांडण इथे खरं उघडं पडतं. प्रश्न मातीचा कमी आणि पाण्यातल्या मिठाचा जास्त आहे, आणि तेही आजच्या मिठाचा नव्हे. स्वीडनमधल्या फोर्समार्कला खोलवरचं पाणी आज मचूळ आहे, त्यात बेंटोनाइट सुटत नाही. स्वीडिश संस्था एसकेबीने सीमा धरली आहे ती लिटरमागे सुमारे चार मिलिमोल धनभाराची. समुद्राच्या पाण्यात त्याच्या दीडशेपट असतो. पण तो प्रदेश गेल्या हिमयुगात काही किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होता. बर्फाच्या भाराने दबलेली जमीन अजूनही दर वर्षी काही मिलिमीटर वर उचलली जाते आहे. पुढचं हिमयुग येईल तेव्हा वितळलेल्या बर्फाचं पाणी मोठ्या दाबाने भेगांतून खाली उतरू शकेल, आणि त्या पाण्यात मीठ जवळजवळ नसेल. प्लुटोनियम-२३९ चं अर्धआयुष्य २४,१०० वर्षं, नेपच्युनियम-२३७ चं वीस लाखांहून अधिक. म्हणजे ते पाणी येईल तेव्हा खाली कचरा असणारच.

एसकेबीने हे लपवलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. २०११ च्या त्यांच्या सुरक्षा-अहवालात काही खड्ड्यांतली माती वाहून जाईल असंच धरलं आहे. मग गंधकयुक्त पाणी तांब्यापर्यंत पोचतं, तांबं गंजतं. सुमारे सहा हजार डब्यांपैकी दहा लाख वर्षांत या वाटेने सरासरी किती फुटतील? उत्तर आहे, एकाहून कमी.

"एकाहून कमी डबा कसा फुटतो?" अण्णांनी विचारलं.

"सरासरीत फुटतो," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे सरासरी पाऊस पडतो तसा."

हा टोला अण्णांनाही आवडला, पण त्यांनी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. कॅनडातलं सिगार लेक. जमिनीखाली सुमारे ४३० मीटरवर युरेनियमचा अतिशय संपन्न साठा, एक अब्जाहून अधिक वर्षं जुना, भोवती चिकणमातीचं कडं. वर जमिनीवर त्याची किरणोत्सारी खूणसुद्धा नाही. "निसर्गाने शंभर कोटी वर्षं प्रयोग करून दाखवला. भोवती पाणी आहे, माती आहे, तुमचे कलिलही आहेत. गेलं का काही?"

"तिथलं तसंच राहिलं, हे खरं. पण व्याहीबुवा, जे साठे वाहून गेले त्यांची खाण कोणाला सापडत नाही."

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. तरी सासूबाईंची बाजू मला पूर्ण पटत नाही. भेगेतला प्रयोग सव्वादोन मीटरांचा होता आणि काही तासांत आटोपला. कणावर बसलेलं प्लुटोनियम तेवढ्या वेळात उतरलं नाही म्हणून हजार वर्षांत उतरणार नाही, असं होत नाही. ते कणावरून सुटून पुन्हा खडकाला चिकटलं, तर प्रवास तिथेच संपला. सीझियम लवकर उतरतं, चतुर्भारित प्लुटोनियम फार हळू. ग्रिमझेलच्या मंडळींनाही हे कळतं. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी बेंटोनाइटची कडीच भेगेत बसवली, आपोआप सुटू दिली आणि पाण्यावर नजर ठेवली. आणि आणखी एक. सुरक्षेची गणितं शेवटी माणसाला मिळणाऱ्या मात्रेपर्यंत जातात, तेव्हा अनेकदा पुढे येतं ते प्लुटोनियम नव्हे, आयोडीन-१२९. ते ऋणभारित असल्यामुळे मातीला चिकटतच नाही आणि त्याला कोणाच्या पाठीवर बसायची गरजही नाही. अर्धआयुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त. हे मी बोललो तेव्हा दोघांनीही माझ्याकडे परक्या माणसासारखं पाहिलं.

तारापूरचा विषय निघणारच होता. निघाला, पण लवकर मिटला. आपल्याकडे वापरलेल्या इंधनावर पुनःप्रक्रिया करतात, उरलेला जहाल द्रव तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम इथे काचेत गोठवतात. ती काच तारापूरला हवेवर थंड होत ठेवली आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत हजारेक मीटर खोल, १९८० च्या दशकात, तापवलेल्या खडकाचे प्रयोग झाले होते. कायमच्या भांडाराची जागा अजून ठरलेली नाही.

"मग ठरवताना काय बघायचं?" अण्णांनी विचारलं. आवाजात भांडण उरलेलं नव्हतं.

"खडक बघायच्या आधी त्यातलं पाणी बघायचं."

"आणि खडकच मातीचा असेल तर?"

"तर माझा अर्धा आक्षेप संपला," सासूबाई म्हणाल्या. मातीच्या खडकात वाहत्या भेगा जवळजवळ नसतात. छिद्रं इतकी बारीक की कलिलकण गाळले जातात. फ्रान्सने ब्यूरजवळ पाचशे मीटर खोल असाच खडक निवडला आहे. आणि ग्रॅनाइटच्या भेगेत इतकी वर्षं कलिल मोजणाऱ्या नाग्रानेही सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या भांडारासाठी ग्रॅनाइट घेतला नाही. देशाच्या उत्तरेला नॉर्डलिश लेगर्न इथला सुमारे साडेसतरा कोटी वर्षं जुना ओपॅलिनस चिकणखडक निवडला. हे ऐकून अण्णा दोन दिवस जिंकल्यासारखे वागत होते. सासूबाईही.

ग्रिमझेलहून परतलो त्या रात्रीच सासूबाईंनी तलावाचं पाणी दोन ग्लासांत ओतलं, एकात चमचाभर मीठ टाकलं आणि दोन्ही खिडकीत ठेवले. मिठाच्या ग्लासात दुसऱ्या सकाळी तळाशी राखाडी साय बसली होती, वर नितळ पाणी. दुसऱ्या ग्लासात जाड पीठ खाली बसलं, पण वरचं पाणी दोघं परत निघाले त्या दिवशी, म्हणजे नवव्या दिवशीही, दुधट होतं. विमानतळावर निघताना अण्णांनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि तो कोणी ओतू नये असं बजावून गेले.